टँकरचं पाणी आणि क्रिप्टोचा पैसा : जोखमीचे गुण कसे ठरतात?

आजचा भाग म्हणजे खोडाळ्यात तरुण मुलामुलींसमोर केलेल्या बोलण्याचा लेखी उतारा. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरून घेतलंय.

तुम्ही म्हणाल, क्रिप्टोचा आणि खोडाळ्याचा काय संबंध? भात-नाचणी निघाली की दिवाळीनंतर मोखाड्यातली कितीतरी घरं वीटभट्टीच्या कामाला जातात. पण आज जवळपास प्रत्येक घरात बँक खातं आहे आणि फोन आहे, आणि समोरच्याला नेमकं तेच हवं असतं. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, त्याचे यूएसडीटी घेऊन पुढे पाठव, दोन हजार तुझे,' असा निरोप येतो. यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं. मग एक दिवस खातं गोठतं आणि पोरगं विचारतं, "दादा, मी कुणाला फसवलं नाही, मग माझं खातं का बंद?"

उत्तर असं की यंत्रणा आधी तुमच्याकडे बघत नाही, पैशाच्या वाटेकडे बघते. या वाटेला गुण देतात, त्यालाच रिस्क स्कोअर म्हणतात.

हे कसं चालतं? बिटकॉइनसारख्या नाण्यांचा प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसेल अशा वहीत लिहिला जातो. पत्ता दिसतो, नाव दिसत नाही. चेनॲलिसिस, एलिप्टिक अशा कंपन्या हे पत्ते गोळा करून त्यांना लेबल लावतात : हा एक्स्चेंजचा, हा हॅकमधल्या चोरीचा, हा खंडणीचा, हा मिक्सरचा. मिक्सर म्हणजे अनेकांची नाणी एकत्र घुसळून माग पुसणारी सोय. तुमच्याकडे आलेलं नाणं यांपैकी कुठून, थेट की चार हात फिरून आलं आणि त्यातला किती हिस्सा वाईट जागेचा, यावर गुण ठरतात.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात टँकर येतो आणि विहिरीत पाणी ओततो. समजा, दहा टँकरांपैकी एकाचं पाणी गढूळ होतं. तुमच्या हंड्यात गढूळ पाणी किती? एक जण म्हणेल, सगळी विहीरच खराब. दुसरा म्हणेल, प्रत्येक हंड्यात दहावा हिस्सा. तिसरा म्हणेल, जो टँकर आधी ओतला त्याचं पाणी आधी निघालं. क्रिप्टोचा हिशेबही या तीन पद्धतींनी होतो. म्हणून त्याच नाण्याला एका ठिकाणी कमी गुण मिळतात, दुसरीकडे जास्त. शिवाय सगळी घाण सारखी मोजत नाहीत. शंभरातले दोनच रुपये दहशतवादाच्या पैशाशी जोडलेले निघाले, तरी व्यवहार थांबू शकतो.

आणि घाण न मागताही येते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर निर्बंध घातले. त्यानंतर कुणीतरी त्याच मिक्सरमधून नामवंत लोकांच्या पत्त्यांवर थोडं थोडं इथर पाठवून दिलं. त्यांनी ते मागितलं नव्हतं. म्हणून लक्षात ठेवा : गुण म्हणजे संशय, निकाल नव्हे.

मग हे हवंच कशाला? आपल्या महाराष्ट्रातलंच गेनबिटकॉइन आठवा. दरमहा दहा टक्के देतो म्हणून लोकांकडून बिटकॉइन घेतले गेले. मुख्य आरोपी अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांवरच नाणी वळवल्याचा आरोप झाला आणि मार्च २०२२ मध्ये त्यांना अटक झाली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशात साठहून जास्त ठिकाणी झडत्या झाल्या. अशी नाणी हातोहात फिरत राहतात. त्यांचा माग लागला नाही, तर बुडालेल्याला काही परत मिळायची आशाच नाही.

म्हणून ७ मार्च २०२३ ला केंद्राने क्रिप्टो एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं. त्यांनी ग्राहकाची ओळख तपासायची, एफआययू-इंडियाकडे नोंदणी करायची आणि संशयास्पद व्यवहार कळवायचे. कळवलं हे तुम्हाला सांगायला मात्र त्यांना मनाई आहे. त्यामुळे एक्स्चेंज किंवा बँक गप्प राहिली, तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

बँकेचेही वेगळे गुण असतात. ग्राहक कमी, मध्यम की जास्त जोखमीचा, हे ती ठरवते. महिन्याला चार-पाच हजार मजुरी येणाऱ्या खात्यात एका दुपारी तीन लाख आले आणि तासाभरात गेले, तर घंटा वाजणारच. आणि फसलेल्या माणसाने १९३० वर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला, ती साखळी पोलीस धरतात. त्यात तुमचं खातं असेल तर रोजगार हमीची मजुरी आणि आईच्या योजनेचे पैसेही त्यातच अडकतात. खरा फटका इथे बसतो. ज्याने निरोप पाठवला त्याचं काही अडत नाही.

म्हणून चार गोष्टी. खातं, सिमकार्ड, एटीएम कार्ड कुणालाही भाड्याने देऊ नका. क्रिप्टो घ्यायचंच असेल तर एफआययूकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवरच घ्या. थेट माणसाला विकताना पैसे त्याच्याच नावाच्या खात्यातून येतायत ना, ते बघा. तिसऱ्याचं नाव दिसलं तर व्यवहार सोडा. आणि पावत्या, चॅट, व्यवहाराचा क्रमांक, कापलेला एक टक्का टीडीएस, सगळं जपून ठेवा.

खातं अडकलंच, तर बँकेकडून लेखी घ्या : कुठल्या पोलीस ठाण्याची नोटीस, तक्रार क्रमांक काय, रक्कम किती. वादाची रक्कम लहान असेल तर तेवढीच रोखून बाकीचं खातं सुरू करा, असा अर्ज द्या. गुण यंत्र देतं, पण ते चुकीचे आहेत हे कागदावरच दाखवावं लागतं. तो कागद आजपासून सांभाळा.

भेटू पुढच्या भागात. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.