टाकाऊतून दागिने, दागिन्यांतून शिक्षण
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



मला 'कार्यानुभव' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे, म्हणून त्यातली एक लहानशी गोष्ट निवडतो. ती म्हणजे टाकाऊ तुकडे साच्याने कापून त्यांतून कानातले आणि गळ्यातले दागिने बनविणे. दागिने हा काय शाळेचा विषय, असे काही पालकांना वाटेल. माझे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या आणि मग ठरवा, एवढीच विनंती.

साच्याने कापण्याची ही पद्धत पादत्राणांच्या धंद्यात वाढली. एकेक तळ हाताने कापण्यात वेळ जाई आणि दोन तळ सारखे निघत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास धारदार पोलादी साचा चामड्यावर दाबून तळ कापण्याची यंत्रे आली. त्याच तत्त्वावरचे लहान यंत्र आज टेबलावर मावते. त्यात दोन रूळ असतात आणि बाजूला एक हँडल. खाली एक पाटी ठेवावयाची, तीवर कापावयाचा तुकडा, त्यावर धार खाली करून साचा आणि सर्वांत वर दुसरी पाटी. ही चवड रुळांमधून फिरवली की दाबाने आकार कापला जातो. वीज लागत नाही. कडेने नीट कापले गेले नाही, तर पाटीखाली एखादा पुठ्ठा सरकवून दाब वाढवता येतो.

माल कोठून आणावयाचा? तो आपल्या भोवतीच पडलेला आहे. चपला शिवणाऱ्याकडची चामड्याची कातरण, शिंप्याकडच्या चिंध्या, सायकलच्या फाटक्या ट्यूबा, जुन्या लग्नपत्रिका, थंड पेयांचे ॲल्युमिनियमचे डबे. मात्र साचा पाहून माल निवडावा. पातळ पत्र्याचा साचा कागद आणि कार्ड यांपुरताच असतो. लाकडात बसविलेल्या पोलादी पट्टीच्या साच्याने चामडे, रबर, जाड कापड आणि पेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापता येतो. तेलातुपाचा लोखंडी डबा मात्र यंत्रात कधीही घालू नये. साच्याची धार कायमची जाते.

डबा कापून सपाट करण्याचे काम मोठ्यांनी, जाड हातमोजे घालून करावे. कापलेल्या आकाराची कड वस्तऱ्यासारखी असते. ती बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्याशिवाय कोणाच्याही कानाजवळ नेऊ नये. मग पंचाने भोक पाडावे आणि कडी ओवावी. कडी उघडताना तिची तोंडे एकमेकांपासून दूर ओढू नयेत. एक पुढे, एक मागे अशी पिळावीत, म्हणजे कडीचा गोल बिघडत नाही. आकडे घेताना पैशाकडे फार पाहू नका. स्वस्त मिश्रधातूतील निकेलमुळे अनेकांच्या कानांना खाज सुटते आणि कान चिघळतात. चांदीचे किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचे आकडे त्या मानाने बरे.

विद्यार्थी मित्रांनो, आता पाटी-पेन्सिल घ्या. चामड्याचा २० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा आहे. त्यातून २ सेंटिमीटर व्यासाच्या टिकल्या कापावयाच्या आहेत. सरळ ओळीत दहा गुणिले दहा, म्हणजे १०० टिकल्या निघतील. आता मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मांडणी करा. एका ओळीत १०, तर पुढच्या ओळीत, खोबणीत बसविलेल्या ९. अशा ११ ओळी मावतात आणि १०५ टिकल्या निघतात. माल तोच, यंत्र तेच, पाच टिकल्या जास्त. आणि टिकली गोल न ठेवता षट्कोनी केली, तर दोन टिकल्यांमध्ये वाया जाणारी जागाच उरत नाही. भूमिती कशासाठी शिकावयाची, हा प्रश्न वर्गात नेहमी विचारला जातो. त्याचे हे एक उत्तर आहे.

दुसरा हिशेब पालकांसाठी, विशेषतः घरी बसून नगावर काम करणाऱ्या माताभगिनींसाठी. समजा, एका जोडीला आकडे, कड्या आणि पुठ्ठा मिळून ८ रुपये लागतात आणि व्यापारी जोडीला १२ रुपये देतो. जोडीमागे ४ रुपये सुटले. दहा जोड्या कापण्यास दहा मिनिटे लागली, म्हणून "दहा मिनिटांत चाळीस रुपये" असे वाटते. पण घासणे, भोके पाडणे, ओवणे आणि पुठ्ठ्यावर लावणे यांत पावणेदोन तास गेले, तर एकूण वेळ जवळजवळ दोन तास होतो. मजुरी पडली तासाला २० रुपये. वेळेचा हा हिशेब ज्या बाईला मांडता येतो, तिला व्यापाऱ्याशी भाव बोलता येतो. जिला येत नाही, तिने दिलेल्या भावावर मान डोलवावी लागते. साचा दोघींच्या हातात एकच असतो.

येथेच मला मुद्द्याचे बोलावयाचे आहे. आपल्या वस्त्यांत असे अनेक पालक आहेत, जे म्हणतात, "पोराचा हात चांगला आहे, मग दहावी कशाला? कारखान्यात बसवू." शाळेने हस्तकाम शिकविले, की या म्हणण्याला बळच मिळेल, अशी शंका काही शिक्षकांनाही वाटते. ही शंका नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाला शिक्षणाचा मध्य मानणारी योजना तयार करण्यास एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. त्या समितीने आपल्या अहवालातच इशारा दिला, की मुलांकडून जास्तीत जास्त माल काढून घेण्याकडे लक्ष गेले, तर शिक्षणाचा हेतूच बुडेल. अलीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी सुचविले आहेत. तेव्हाही हाच इशारा ध्यानात ठेवावा लागेल.

शाळेतले हाताने फिरवावयाचे यंत्र आणि कारखान्यातली पॉवर प्रेस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पॉवर प्रेसखाली गेलेले बोट परत येत नाही. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामास बंदी आहे. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात, धोका नसलेल्या कामात मदत करता येते. ही सवलत शाळा बुडविण्यासाठी नाही.

म्हणून पालकांनो, मुलगा असो वा मुलगी, हाताने काही बनवीत असेल, तर त्याला कमी लेखू नका. त्याच्या हाताचे कौतुक करा आणि त्याच वेळी त्याची वही उघडून पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, घरी गेल्यावर आईने नगावर आणलेल्या कामाजवळ बसा आणि सबंध वेळ धरून तिला तासाची मजुरी काढून दाखवा. तो गृहपाठ मी मनापासून तपासीन.