तंबोरा जुळवितांना

फैजपूरच्या एखाद्या घरांत माळ्यावरचा जुना तंबोरा खालीं उतरतो, तेव्हां प्रथम आनंद होतो आणि मग निराशा. मुलीचें गाणें सुरू व्हावयाचें असतें. परंतु खुंटी पिळली कीं घसरते, तार छेडली कीं खरखरते. दोन दिवस खटपट झाल्यावर ‘वाद्य बिघडलें आहे’ असा निकाल लागतो, आणि तंबोऱ्याच्या जागीं विजेवर चालणारी सुरांची पेटी येऊन बसते. हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो.

खानदेशांतील उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. त्या कोरड्या हवेंत लांकूड आवळतें व खुंट्या आपल्या भोकांत सैल होतात; पावसाळ्यांत त्याच फुगून अडकतात. दोष ऋतूचा, शिक्षा मात्र वाद्यास! तार उतरवून सैल खुंटी काढावी, तिला थोडा कोरडा खडू चोळावा, आणि फिरवितांना किंचित् आंत दाबावी. मग ती धरून राहते.

तंबोऱ्यास तारा चार. मधल्या दोन, म्हणजे जोडाच्या, गाणाऱ्याच्या षड्जांत. चौथी, बहुधा पितळेची, त्याच्या एक सप्तक खालीं खर्जांत. पहिली रागाप्रमाणें पंचमांत अथवा मध्यमांत. आरंभ जोडापासून करावा. दोन्ही तारा एकत्र छेडल्या असतां नाद लाटेसारखा कमी-अधिक होऊं लागला, तर त्यांत अंतर आहे असें समजावें. अंतर घटतें तसतशा लाटा संथ होतात आणि सूर मिळतांच थांबतात. तार नेहमीं खालून वर चढवीत आणावी. फार चढल्यास उतरवून पुन्हां चढवावी. शेवटची बारीक दुरुस्ती मण्यानें करावी. घोडीपलीकडील मणी खालीं सरकविला कीं तार ताणली जाऊन सूर चढतो, वर घेतला कीं उतरतो.

इतकें झालें म्हणजे दोऱ्याकडे वळावें. घोडी व तार यांच्यामध्यें सुताचा बारीक दोरा असतो. तो सावकाश सरकवितां सरकवितां एका जागीं कोंडलेला नाद एकाएकीं उमलतो. हीच जवारी. घोडीची पाठ सपाट दिसली तरी तिला अगदीं सौम्य उतार असतो. कांपणारी तार त्यावर अलगद टेकत राहते, म्हणून तिच्यांतून अनेक उपस्वर निघतात. ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदु नेमका छेडण्याच्या जागीं येतो, ते निघूं नयेत असा शास्त्राचा नियम. परंतु तंबोऱ्यांत तेहि ऐकूं येतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें. खर्ज नीट लागला असतां त्यांतून कोणीं न छेडलेला गांधार कानीं येतो, तो याच उपस्वरांतला.

वर्षानुवर्षांच्या घर्षणानें घोडीवर चरे पडतात व जवारी बसते. तेव्हां मात्र गृहस्थानें हातीं कानस घेऊं नये. एकदां तासलें गेलेलें पुन्हां भरत नाहीं. तें काम मिरजेच्या कारागिराचें. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजांतील फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले, आणि ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पंढरपूरकडचे भोपळे आजहि तेथें तंबोरे होतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु मानांकनानें पोट भरत नाहीं. माळ्यांवरचे तंबोरे कारागिरांच्या दारीं गेले, तरच त्यांचीं मुलें कानस हातीं धरतील.

विजेची पेटी कळ दाबतांच सुरांत बोलते व वेळ वांचतो, हें खरें. पण जोडाच्या लाटा संथ होतांना ऐकण्यांत जो अर्धा तास जातो, त्याच अर्ध्या तासांत मुलीचा कान तयार होतो. तंबोरा परत माळ्यावर चढविण्यापूर्वीं त्या घरानें एक खडू व सुताचा एक दोरा आणून पाहावा.