ऊंसतोडीचीं लेंकरें व आपला दानधर्म

(जुबिलीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामस्थांच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



माझ्यापूर्वीं बोललेल्या वडीलधाऱ्यांनीं आपल्या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगितला. देवळाची पायाभरणी, पहिले मिशनरी, विहीर, शाळा, हें सर्व आपण प्रेमानें ऐकिलें. आतां जुबिली फंडांत जी रक्कम शिल्लक राहील तिचें काय करावें, हा प्रश्न कमिटीनें आपणांपुढें ठेविला आहे. देवळापुढें कमान उभारावी असें कित्येकांचें म्हणणें आहे. कमानीशीं माझें वैर नाहीं. परंतु त्या रकमेवर आणखी कोणाचा हक्क पोहोंचतो कीं काय, याचा विचार व्हावा म्हणून मी उभा राहिलों आहें.

दसरा होऊन दिवाळी जवळ आली कीं बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांतून ट्रक व ट्रॅक्टर भरूं लागतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, आणि ती बीबियाण्याला, दवाखान्याला, लेकीच्या लग्नाला खर्चूनही गेलेली असते. मग पांच-सहा महिने, कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, ती घामानें फेडावयाची. न फिटली तर बाकी पुढील वर्षाच्या खातीं. ट्रॅक्टरवर भांडीं चढतात, पीठ चढतें, शेळ्याकोंबड्या चढतात आणि लेंकरेंही चढतात. शाळेच्या हजेरीपटावर नांव राहतें; बाकावर मूल राहत नाहीं.

फडावर त्या मुलाचा दिवस कसा जातो हें आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें आहे, कित्येकांनीं भोगिलेंही आहे. आईबाप पहांटे अंधारांतच तोडीला लागतात. कोपींत धाकटें मूल निजलेलें असतें व त्याला सांभाळावयाला नऊ-दहा वर्षांची बहीण असते. पाणी तिनें आणावयाचें, भाकरी तिनें थापावयाची, मोळ्या वाहावयालाही हात तिनेंच लावावयाचा. बारा-तेरा वर्षांचा मुलगा वाढें गोळा करूं लागला कीं बापाला वाटतें, चला, हाताखालीं एक गडी आला. पाडव्याच्या सुमारास गांवीं परत यावें तों वार्षिक परीक्षा दारांत उभी असते. असे दोन हंगाम गेले म्हणजे वर्गांत काय चाललें आहे तें त्या मुलाला कळेनासें होतें. तें मागच्या बाकावर गप्प बसूं लागतें, आणि तिसऱ्या हंगामाला त्याला शाळेविषयीं कोणी विचारीतही नाहीं. मुलीची गोष्ट याहून कठीण. वयांत आलेल्या पोरीला कोपींत एकटी कशी ठेवावी, या धास्तीनें आईबाप कायद्याच्या वयाआधींच तिचें लग्न उरकून टाकतात.

कोणी म्हणेल, याला सरकार आहे. सरकार आहे, हें खरें. २००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षण मोफत झालें. सरकारी शाळेंत फी नाहीं, पुस्तकें मिळतात, दुपारचें जेवण मिळतें. आईबाप तोडीला गेले असतां गांवीं मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. जेथें ती वेळेवर सुरू होते व गुरुजी मनापासून लक्ष घालतात, तेथें मुलें टिकतात. जेथें अनुदान उशिरा येतें, तेथें मुलें तोंपर्यंत ट्रॅक्टरवर चढून गेलेलीं असतात. शिवाय चौदाव्या वर्षीं कायद्याचा हात सुटतो, आणि तेंच वय कोयता हातीं येण्याचें.

येथें मला आपल्या दानधर्माविषयीं एक गोष्ट बोलावयाची आहे. आपला दानधर्म नाताळांत बहरतो. कपडे वांटतों, मिठाई वांटतों, आणि वांटतांना चित्रें काढून घेतों. पण नाताळांत हीं मुलें गांवांत असतात कोठें? तीं कोठल्या तरी कारखान्याच्या फडांत असतात. तें मूल जातें कीं राहतें, याचा निकाल दसऱ्याआधीं लागतो. घरांत आजी आहे. पण तिच्याजवळ दोन महिन्यांचेंही धान्य नाहीं, म्हणून नातवंडाला ठेवून घ्यावयाला ती कचरते. त्या वेळीं तिच्या घरीं ज्वारीचें एक पोतें, तेलमीठ व औषधाचे थोडे पैसे पोहोंचले, संध्याकाळीं मुलाला जवळ घेऊन अभ्यास करविणारें कोणी असलें, आठवीपुढच्या मुलाला एस. टी. चा पास व बोर्डिंगचा खर्च मिळाला, तर तें मूल राहतें. तेवढेच पैसे तीन महिन्यांनीं दिले तर त्यांचा नवा सदरा होतो.

दुसरी गोष्ट अशी कीं ही मदत एका वर्षाची असून भागत नाहीं. भल्या शोमरोन्याचा दाखला आपण पुष्कळदां ऐकतों. त्या माणसानें जखमा बांधल्या एवढेंच आपण ध्यानांत ठेवितों. त्यानें उताराच्या मालकाला पैसे देऊन पुढील दिवसांची तरतूद केली, व परत येतांना उरलेला हिशेब पुरा करण्याचें कबूल केलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

दीर्घ मुदतीच्या मदतीचें फळ मोजूनही पाहिलें गेलें आहे. वाइडिक, ग्लेवे व रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. कंपॅशन इंटरनॅशनल या प्रोटेस्टंट बंधूंच्या संस्थेनें लहानपणीं ज्यांचा वर्षानुवर्षें प्रतिपाळ केला, त्यांचें मोठेपणीं काय झालें, हें त्यांनीं भारतासह सहा देशांत पाहिलें. गांवांत काम सुरू झालें तेव्हां ज्यांचें वय बारांवर गेलें होतें त्यांना प्रवेश नव्हता. म्हणून एकाच घरांतील वगळलेला थोरला भाऊ व मदत मिळालेला धाकटा यांची तुलना करतां आली. मदत मिळालेलीं मुलें सरासरीनें एक ते दीड वर्ष अधिक शिकलीं, आणि पुढें त्यांना काम मिळण्याचा संभवही वाढला. दीड वर्ष हें ऐकावयाला थोडें वाटेल. पण नववींत शाळा सुटणें व दहावी पास होणें यांत अंतर तेवढेंच आहे. अशा मुलांची स्वतःविषयींची आशाही वाढते, असें त्याच अभ्यासकांस आढळलें.

मदत दिली कीं आईबाप आळशी होतात, हा आक्षेप मी या गांवांतही ऐकिला आहे. जो मनुष्य पहांटेपासून ऊंस तोडतो व रात्रीं गाडी भरतो, त्याला आळशी म्हणण्याचें धाडस माझ्याच्यानें होत नाहीं. मदतीचा दुरुपयोग होईल, ही भीति मात्र अगदींच पोकळ नाहीं. संत जॉन बॉस्को यांनीं तुरीन शहरांत ज्या पोरांना प्रथम आसरा दिला, त्यांतील कांहींनीं अंथरूणपांघरूण घेऊन पोबारा केला. तरी १८४७ सालच्या मे महिन्यांत, पावसांत भिजलेला एक गवंडीकाम करणारा अनाथ मुलगा दारीं आला तेव्हां त्यांच्या आईनें, मार्गारेटाबाईनें, विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरांतच त्याची निजण्याची सोय केली. पुढें ८ फेब्रुवारी १८५२ रोजीं एका उमेदवार मुलासाठीं सुतारकाम करणाऱ्या मालकाशीं लेखी करार झाला, त्यावर या संतानें स्वतः सही केली. मालकानें धंदा नीट शिकवावा, चूक झाल्यास शब्दानें समजवावें, मारूं नये, सणावारीं मुलाला मोकळें सोडावें, अशीं कलमें त्यांत होतीं. अन्न व निवारा देऊन ते थांबले नाहींत. मूल जेथें जेथें गेलें तेथें तेथें त्याचा कैवार घेणारें कोणी आहे, हें त्यांनीं मालकाच्या नजरेस आणून दिलें. आपल्या मुलांच्या बाबतींत मुकादमाच्याही नजरेस हें येणें जरूर आहे.

म्हणून माझी विनंति अशी. फंडाची शिल्लक या मुलांसाठीं राखून ठेवावी, व तिच्यांत दर वर्षीं भर घालावी. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनीं घटस्थापनेपूर्वीं तोडीला जाणाऱ्या प्रत्येक घरीं जावें; त्या सोसायटीचा १८३३ सालापासूनचा धर्मच घरोघर जाण्याचा आहे. ज्या कुटुंबाला ऐपत असेल त्यानें एकच मूल पत्करावें, पण दहावी होईपर्यंत पत्करावें. मूल मिस्सेला येतें कीं नाहीं, त्याची जात कोणती, हें विचारूं नये. मुलांचीं नांवें फलकावर लावूं नयेत व देतांना चित्र काढूं नये. त्या मुलाला उद्यां याच गांवांत ताठ मानेनें वावरावयाचें आहे.

कमानीविषयींचा निर्णय कमिटी आपल्या सर्वांचें मत घेऊन करील. या कामांत ज्यांना आपलें नांव द्यावयाचें असेल, त्यांच्यासाठीं सिस्टरांकडे एक वही ठेविली आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर तींत लिहावें. मुकादमाच्या फेऱ्या गांवांत सुरू झाल्या आहेत.