चार तारखा मोकळ्या ठेवा
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



'तरुण आणि गावाचा कारभार' या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, कारण हा विषय मला तिनेच शिकवला.

दोन वर्षांपूर्वी नवापूर तालुक्यातल्या एका गावच्या तरुणांना आम्ही शिबिराला नेले. १ मेची सुट्टी धरून तीन दिवस. गाणी झाली, शास्त्राभ्यास झाला, साक्षी झाल्या. मी समाधानाने परत आलो. त्याच १ मेला त्यांच्या गावात ग्रामसभा झाली होती. पंचायतीला मिळालेल्या निधीतून काय करायचे, हे तिथे ठरले. पाड्यावरचा हातपंप दोन उन्हाळे बंद होता. पण पाड्यावरची मोठी माणसे कामासाठी गुजरातेत आणि तरुण माझ्या शिबिरात. पंपाचे नाव काढायला कोणी नव्हते. पैसे मुख्य गावातल्या रस्त्याच्या पेव्हर ब्लॉकला गेले.

त्या पाड्यावरची एक अठरा वर्षांची मुलगी डोक्यावर हंडा घेऊन चालता चालता मला म्हणाली, "दादा, त्याच दिवशी आम्हाला का नेलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बंधुभगिनींनो, आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे ठरलेले दिवस. आता आपल्या मंडळ्यांचे वर्षाचे कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. तरुण संघाची सहल, शिबिर, एकदिवशीय मेळावा कधी असतो? सुट्टी असते म्हणून नेमका याच दिवशी. आपल्या मनात काही वाईट नसते, पण मुलांना गावापासून दूर नेण्याचे काम आपणच करतो.

आदिवासी भागात तर ग्रामसभेला विशेष मान आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गावाच्या विकासकामांना मान्यता देण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेत ठरते आणि त्या सभेत अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मतदाराला बोलता येते. निवडून यायला वय एकवीस लागते, बोलायला अठरा पुरते. कायद्यात महिलांची वेगळी सभा आहे, तरुणांची नाही. म्हणून गावात युवा मंडळ हवे. त्याला स्वतःचा अधिकार नसतो, पण ग्रामसभेत काय मांडायचे याची तयारी तिथे होते.

असे मंडळ आम्ही सुरू केले आणि मी दुसरी चूक केली. बैठक रविवारी उपासनेनंतर देवळातच ठेवली. महिनाभरात गावात बोलले जाऊ लागले की हे मिशनचे मंडळ आहे. ते खोटे तरी कसे म्हणायचे? मग बैठक शाळेच्या ओट्यावर नेली. आज त्या मंडळातली निम्मी मुले आपल्या मंडळीची नाहीत. हातपंप कोणाचा धर्म विचारत नाही.

तिसरी चूक १५ ऑगस्टची. पंपाचा अर्ज मीच लिहून दिला, अगदी शुद्ध मराठीत. एका मुलाने तो वाचला. ग्रामसेवकांनी सरळ प्रश्न केला, "घरं किती? पंप कधीपासून बंद आहे?" मुलगा मागे वळून माझ्याकडे बघू लागला. सभेत हशा पिकला. तो अर्ज त्याचा नव्हताच, माझा होता.

त्या रात्री मी नहेम्याचे पुस्तक उघडले. यरुशलेमेत आल्यावर नहेम्याने आधी भाषण केले नाही. रात्री फिरून पडका तट स्वतः पाहिला आणि मगच लोकांशी बोलला. पुढे काम निघाले तेव्हा कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. हेच मी मुलांना सांगितले. मुले घरोघर गेली. बेचाळीस घरे, लांबच्या विहिरीवर रोज किती खेपा, कोणत्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत, हे सगळे वहीत उतरवले. मी वहीला हात लावला नाही.

२ ऑक्टोबरला तीच मुलगी उभी राहिली. आपल्या मावची बोलीत बोलली. सरपंचांनी उत्तरही मावचीतच दिले. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला आणि मुलांनी त्याची प्रत मागून घेतली. नाताळाच्या आधी पंप सुरू झाला. पाड्यावर दिवे मागितले होते, ते मिळाले नाहीत. मुले म्हणतात, २६ जानेवारीला पुन्हा मागू. एकदा नकार मिळाला तरी पुन्हा त्याच दारात जायचे, हे ती शिकली.

ती मुलगी पुढच्या वर्षी एकवीस वर्षांची होईल. निवडणुकीला उभे राहावे असे तिच्या मनात आहे. तिचे वडील आपल्या मंडळीत वडील आहेत. ते म्हणतात, राजकारण घाण आहे, आपल्या पोरीने त्यात पडू नये. त्यांची काळजी मला कळते, मलाही मुलगी आहे. पण घाण आहे म्हणून चांगली माणसे बाहेर बसली तर ती साफ कोण करणार? निर्णय तिचा आणि तिच्या घराचा आहे. आपण तिच्यासाठी प्रार्थना करावी, एवढे मात्र मी मागतो.

आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या मंडळीच्या वार्षिक कार्यक्रमात त्या चार तारखा मोकळ्या ठेवा. युवा मंडळाला मदत करा, पण त्यावर मंडळीची पाटी लावू नका. आणि मुले बोलायला उभी राहिली की माझ्यासारख्यांनी मागच्या रांगेत गप्प बसावे.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.