एक मशीन, अनेक कर्णे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा वक्त्याचा शब्द त्याच्या छातीतला दम पुरेल तेवढाच पोहोचत असे. आज सप्ताहाचे कीर्तन असो वा ग्रामसभा, ध्वनिवर्धक मशीन आणि कर्णे यांवाचून मांडव उभा राहत नाही, आणि म्हणूनच एका मशीनला अनेक कर्णे कसे जोडावेत हा प्रश्न केवळ तारा ओढणाऱ्याचा नसून, शेवटच्या रांगेतील माणसालाही शब्द कळावा असे ज्याला वाटते, त्या प्रत्येकाचा आहे.

प्रत्येक कर्णा विद्युत्प्रवाहाला काही अवरोध करतो व तो ओहममध्ये मोजतात. ८ ओहमचे दोन कर्णे एकसर जोडले तर अवरोध १६ होतो, समांतर जोडले तर ४, आणि तसेच चार जोडले तर अवघा २. अवरोध उतरला की मशीनमधून प्रवाह अधिक ओढला जातो. ज्या मशीनची मर्यादा ४ ओहमची, त्याच्यावर २ ओहमचा भार घातला तर ते तापून निकामी होण्याची धास्ती असते. मात्र दोनदोन कर्णे एकसर जोडून त्या जोड्या समांतर बांधल्या, की चौघांचा अवरोध पुन्हा ८ राहतो आणि भार सर्वांत सारखा वाटला जातो.

परंतु पाड्यापाड्यांत विखुरलेल्या आपल्या डोळखांब पंचक्रोशीचा खरा प्रश्न अंतराचा आहे. देवळापासून १०० मीटरवर कर्णा बांधला, तर जाऊनयेऊन २०० मीटर तार लागते. ती एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची असली तरी तिचा अवरोध साडेतीन ओहमच्या घरात जातो, आणि ८ ओहमच्या कर्ण्यासाठी मशीनने दिलेल्या शक्तीचा सुमारे तीस टक्के हिस्सा वाटेतच उष्णता होऊन खर्ची पडतो. यावरची तजवीज म्हणजे १०० व्होल्टची लाइन. तीत प्रत्येक कर्ण्यापाशी लहान रोहित्र असते. त्यामुळे १५ वॉटचा कर्णा लाइनला सुमारे ६६७ ओहमचा ठरतो, प्रवाह नवव्या हिश्शावर येतो आणि तारेतले नुकसान अर्ध्या टक्क्यावर उतरते. दूरची वीज उच्च दाबाने आणून गावाशेजारी रोहित्रात उतरवतात, तीही याच कारणाने. हिशेबही सुलभ होतो: १५ वॉटचे आठ कर्णे म्हणजे १२० वॉट, आणि मशीन त्याहून थोडे मोठे. मात्र १०० व्होल्टच्या दाबाचा धक्का बसू शकतो, म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसात एकही सांधा उघडा राहता कामा नये.

सर्व कर्ण्यांची धन व ऋण टोके सारखीच जोडावीत, अन्यथा शेजारच्या दोघांच्या लहरी परस्परांना मारतात. त्यांची तोंडेही एकाच दिशेला असावीत. कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, आणि समोरासमोरच्या दूरस्थ कर्ण्यांतून एकच शब्द मागेपुढे येऊन अर्थाचा गोंधळ होतो.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून सगळी शक्ती एका जागी रचली, तर पुढच्यांचे कान दुखावतात आणि मागच्यांना शब्द कळतच नाही. तीच शक्ती लहान कर्ण्यांत वाटून श्रोत्यांजवळ नेली, तर कोणावरही जुलूम न होता सर्वांना ऐकू जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्ण्यांना सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. डेसिबलची मर्यादा पाळण्याचा मार्गही हाच. तेव्हा यापुढे मांडवाचा बंदोबस्त करताना आपल्या कारभारी मंडळींनी आवाज किती मोठा निघेल हे विचारू नये. शेवटच्या रांगेला शब्द स्पष्ट कळेल की नाही, एवढेच विचारावे, आणि कीर्तनाआधी स्वतः तिथे जाऊन उभे राहून खात्री करून घ्यावी.