जंतूंना मारणारा विषाणू आणि आपल्या गावची विहीर
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



आज बॅक्टेरिओफेजबद्दल बोलायचं आहे. नाव अवघड, पण काम समजायला सोपं. माणसाला जसा सर्दीचा विषाणू लागतो, तसा जंतूलाही विषाणू लागतो. तो जंतूला चिकटतो, त्याच्या आत वाढतो अन् शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो.

१८९६ साली आग्र्याच्या हँकिन या शास्त्रज्ञानं सांगितलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, पण पाणी उकळलं की तो गुण जातो. १९१७ साली फेलिक्स डेरेल यांनी या विषाणूला बॅक्टेरिओफेज नाव दिलं. १९२७ साली त्यांनी पंजाबात कॉलऱ्याच्या रोग्यांना तो देऊन पाहिला, विहिरींतही टाकला. जॉर्जिया देशात अजूनही त्यानं उपचार होतात. अमेरिकेत २००६ पासून मांसावरचे काही जंतू मारायला तो फवारायची परवानगी आहे. आता अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू वाढले, म्हणून डॉक्टर पुन्हा त्याच्याकडे वळले आहेत.

मग कोणी म्हणेल, "पाण्यातच औषध आहे, तं उकळाचं काहून?"

बायांनो, इथंच फसू नका. एक फेज ठरावीक जंतूलाच मारतो. कॉलऱ्याचा फेज टायफॉईडला हात लावत नाही. पाण्यातून पसरणारी कावीळ तर विषाणूनं होते, तिच्यावर तो चालतच नाही. अन् आपल्या विहिरीत तो आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. जुलै २०२२ मध्ये आपल्याच चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी अन् कोयलारीला विहिरीचं दूषित पाणी पिऊन कॉलरा पसरला, माणसं गेली.

म्हणून पावसाळ्यात प्रत्येक गटानं तीन कामं करावी. विहिरीत टीसीएल पावडर पडते का, ओटी टेस्ट होते का, हे जलसुरक्षकाला विचारा. पाणी उकळून, झाकून ठेवा. हगवण लागली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहा अन् आशाताईला बोलवा. चमचा चहाचा घ्या. पाण्यासारखे जुलाब थांबत नसतील, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

अन् घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी मनानं कोणाला देऊ नका. अशा वापरानंच जंतू निबर होतात, मग गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही.

पुढच्या सभेत प्रत्येक गटानं आपल्या विहिरीची माहिती आणावी, ही विनंती.