बी यांचे आडनाव

(अकादमीच्या वार्षिक चर्चासत्रातील व्याख्यानाचा लेखी पाठ)



‘भाषा आणि तंत्रज्ञान’ हा विषय मला देण्यात आला तेव्हा मी संयोजकांना म्हटले, मी साहित्य शिकवणारी बाई. संगणकाविषयी मला सांगता येईल ते फक्त एका शनिवार-रविवारचे. ते म्हणाले, तेच सांगा.

आम्हां वडोदऱ्याच्या लोकांना ग्रंथालयांचा अभिमान असतो, आणि तो रास्त आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. गावोगावची वाचनालये, पेट्यांमधून फिरणारी पुस्तके, ग्रंथपालांना शिकवण्याचे वर्ग हे सारे त्या काळात उभे राहिले. त्या वैभवाच्या सावलीत टिकून राहिलेले एक लहानसे मराठी वाचनालय आहे. त्याच्या कार्यकारिणीवर मी आहे. पुस्तकांची यादी संगणकावर घ्यायची होती आणि पैसे नव्हते.

अमेरिकेत ‘गिव्हकॅम्प’ नावाचा एक उपक्रम २००७ च्या सुमारास सुरू झाला. संगणकक्षेत्रातील मंडळी शुक्रवारी संध्याकाळी जमतात, धर्मादाय संस्थांची कामे वाटून घेतात आणि रविवारपर्यंत त्यांना हवे ते सॉफ्टवेअर विनामोबदला लिहून देतात. त्याच धर्तीवर काम करणारी काही तरुण मुले दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. आपापले लॅपटॉप, आपापल्या पाण्याच्या बाटल्या. आम्ही फक्त पोहे आणि चहा दिला. त्यांच्या उत्साहाची चेष्टा करायला मी इथे उभी नाही, हे आधीच सांगते.

पहिली अडचण शनिवारी सकाळीच आली. लेखकासाठी दोन चौकटी होत्या, एक नावाची आणि एक आडनावाची. दुसरी रिकामी ठेवली की नोंदच होईना. आमच्या ग्रंथपालकाकांनी हाताला लागले ते पुस्तक पुढे केले, ‘फुलांची ओंजळ’. कवी बी. त्या मुलाने विचारले, “अंकल, इनका सरनेम क्या है?” काका म्हणाले, “गुप्ते. पण गुप्त्यांचं पुस्तक द्या असं इथं कोणी म्हणत नाही.” शेवटी आडनावाच्या जागी एक आडवी रेघ मारली. परिणाम असा, की यादीत बी सर्वांच्या आधी, अत्र्यांच्याही आधी! गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी हे दोन वेगळे गृहस्थ झाले. केशवसुतांची आणि दामल्यांची ओळख उरली नाही. काकांच्या डोक्यात ही सारी नाती होती. पण त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि ‘कुणी’ म्हणजे मीच. संस्थेच्या वतीने बोलायला मी बसले होते, काका चहा सांगायला उठत होते.

दुसरी गंमत वर्णक्रमाची. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ आणि ‘व’च्या आधी बसवला आहे. आपण शाळेत शिकलो त्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे यंत्राने काळे आधी आणि कावळे नंतर लावले. क्षीरसागर तर थेट ‘क’च्या घोळक्यात गेले, काही कोशांनाही तसे चालते, पण आमच्या वहीत ते शेवटी होते. मी हे समजावू लागले तेव्हा एक गुजराती मुलगी हसून म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे पण ळ हच्या नंतरच येतो.” तिने तासाभरात क्रम दुरुस्त केला. शेजारची भाषा अशी अवचित उपयोगी पडते, याचा मला आजही आनंद वाटतो.

आता माझी चूक. आमच्या दाखलवहीत शेवटचा रकाना ‘शेरा’ असा आहे. कुठे ‘देणगी’, कुठे ‘शेवटची चार पाने नाहीत’, कुठे ‘सभासदाने नेले, परत नाही’. रविवारी रात्री अकरा वाजता मुले म्हणाली, एक रकाना कमी केला तर वेळेत संपेल. मी म्हटले, शेरा काढा. ज्या बाईने आपल्या प्रबंधासाठी त्याच शेऱ्यांवरून स्वातंत्र्यपूर्व काळातले वाचक शोधले, तिने हे म्हटले!

पुढच्या महिन्यात कार्यकारिणीने ठराव केला, की सर्व काही संगणकात आल्यामुळे जुन्या वह्या रद्दीत द्याव्यात. मी त्या बैठकीला नव्हते, असे म्हणून सुटता येणार नाही; इतिवृत्तावर माझी सही आहे. काकांनी काही वाद घातला नाही. रिक्षा बोलावली आणि वह्या घरी नेल्या.

वर्षही झाले नाही तोच यादी दिसेनाशी झाली. ती ज्या भाड्याच्या जागेत ठेवलेली होती, तिचे पैसे एका स्वयंसेवकाच्या कार्डातून जात होते. तो परदेशी गेला, कार्ड बंद झाले. त्याला दोष कसा देणार? दोन दिवस त्याने आम्हांला दिले होते. तिसऱ्या दिवसाची तजवीज आम्ही करायची होती.

येथे मला न्यूझीलंडमधल्या ‘कोहा’ची आठवण होते. हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर १९९९ साली होरोव्हेनुआ या भागातील एका ग्रंथालय न्यासासाठी लिहिले गेले आणि पुढे सर्वांना मोफत खुले केले. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत ते आज चालते, कारण ते लिहिणारे हात बदलत राहिले, थांबले नाहीत. आम्ही आता तेच बसवून घेत आहोत. शेऱ्यासाठी त्यात जागा आहे.

ती गुजराती मुलगी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येते. काकांच्या घरून एकेक वही परत येते. काका वाचून दाखवतात, ती टंकते, आणि टोपणनावांची एक वेगळी वही काकांनी स्वतःहून घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : बी, पाहा गुप्ते, नारायण मुरलीधर.